टाकीतलं पाणी कितव्या दिवशी नासतं?



1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची बंदी म्हणजे आपल्या डागडुजीचे दिवस. जाळी सांधून होतात, इंजिन खोललं जातं, बोटीला रंग लागतो, कागदपत्रं नवी होतात. राहते ती एकच वस्तू, पिण्याच्या पाण्याची टाकी. ती आठवते शेवटच्या दिवशी. झाकण उघडायचं, आत डोकावायचं, पाणी नितळ दिसलं की त्यावरच पाईप सोडून टाकी भरून घ्यायची. झालं.

दरवर्षी याच वेळी जेटीवर एक वाद रंगतो. जुनं पाणी ओतायचं की ठेवायचं? एक जण म्हणतो, "पाणी काय दूध आहे का नासायला? विहिरीत वर्षानुवर्षं असतंच ना?" दुसरा म्हणतो, "रात्र उलटली की पाणी शिळं. आमची आजी रोज पहाटे कळशी उपडी करायची." दोघांच्याही बोलण्यात अर्धं-अर्धं खरं आहे. पूर्ण खरं काय ते आज बघू, कारण हा विषय गप्पांपुरता राहिलेला नाही. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, आपल्याच गोव्यात कुटबण जेटीवर कॉलराची साथ आली. बरेच खलाशी इस्पितळात गेले, काही जण परत आलेच नाहीत. पोटासाठी शेकडो मैलांवरून इथे आलेली ती माणसं होती.

पाणी नासतं म्हणजे नेमकं काय होतं?

निव्वळ पाणी नासत नाही. दूध नासतं, मासळी नासते, कारण त्यात जंतूंना खायला भरपूर असतं. शुद्ध पाण्यात खायला काहीच नाही. स्वच्छ भांड्यात, घट्ट झाकून, सावलीत ठेवलेलं चांगलं पाणी महिनाभरानेही पाणीच असतं. फक्त चव थोडी उतरते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, क्लोरीन उडून जातो, म्हणून ते जिभेला 'सपक' लागतं. त्याने कोणी आजारी पडत नाही.

पण आपल्या टाकीत निव्वळ पाणी कधीच नसतं. त्यात थोडी माती असते, पाईपमधला गंज असतो, हाताचा मळ असतो, हवेतली धूळ असते आणि थोडे जंतू असतातच. म्हणून "किती दिवसांनी नासतं?" या प्रश्नाला आकडा नाही. घाण टाकीत, घाण मगाने काढलेलं पाणी दुपारपर्यंत बिघडतं. स्वच्छ टाकीतलं, क्लोरीन असलेलं पाणी आठ-दहा दिवसांची फेरी सहज काढतं. दिवस मोजण्याआधी टाकी, झाकण आणि हात बघा.

क्लोरीन म्हणजे पाण्याचा राखणदार

नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात तो एकदा जंतू मारण्यापुरता नसतो. थोडा क्लोरीन पाण्यात शिल्लक राहावा लागतो, म्हणजे वाटेत किंवा टाकीत नवा जंतू आला तर त्याचाही बंदोबस्त होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे हा शिल्लक क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवा. एवढासा राखणदार, पण तो आहे तोवर पाणी सुरक्षित.

हा राखणदार कायमचा नाही. ऊन, उष्णता, उघडं झाकण आणि गाळ, सगळे मिळून त्याला संपवतात. गाळ तर क्लोरीन खातोच. म्हणूनच गाळाच्या टाकीत कितीही चांगलं पाणी ओतलं तरी एक-दोन दिवसांत ते राखणदाराशिवाय उरतं.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आरओचं पाणी आणि उकळलेलं पाणी भरताना शुद्ध असतं, पण त्यात क्लोरीन उरलेला नसतो. ते साठवलं आणि त्यात एक घाण पेला बुडाला, तर नळाच्या पाण्यापेक्षा ते लवकर बिघडू शकतं. उकळणं उत्तम. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. पण ते झाकून ठेवा, ओतून घ्या, हात बुडवू नका आणि दिवसभरात संपवा.

पाण्याला ब्लीचिंगचा हलका वास आला की आपले लोक तोंड वाकडं करतात. खरं तर तो हलका वास म्हणजे राखणदार जागा असल्याची खूण.

आजी कळशी का घासायची?

टाकीच्या आत बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागतंय? तो थर म्हणजे जंतूंनी बांधलेलं घर. पाण्यातले जंतू भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण करतात आणि त्याखाली सुखाने राहतात. वरून पाणी बदललं, थोडा क्लोरीन घातला, तरी आतल्यांपर्यंत तो नीट पोचत नाही. नवं पाणी आलं की थरातले जंतू पुन्हा पाण्यात उतरतात.

हा थर घासल्याशिवाय जात नाही. आजी रोज कळशी उपडी करून राखेने नाहीतर चिंचेने घासायची, तेव्हा हा थर धरायला वेळच मिळत नसे. तिला जंतूचं नाव ठाऊक नव्हतं, पण काम बरोबर होतं. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले पुष्कळ जंतू मरतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. बोटीवर मात्र हजार लिटर पाणी तांब्यात ठेवता येत नाही. तिथे घासणी आणि क्लोरीन हाच उपाय.

नाक आणि जीभ फसवतात

तांडेलाला पाण्याचा रंग बघून मासळीचा अंदाज येतो, पण प्यायच्या पाण्याच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. कुजलेल्या अंड्यासारखा वास, हिरवट रंग, तळाशी हलणाऱ्या अळ्या, हे दिसलं तर कोणीही पाणी ओतून देईल. पण कॉलराचा जंतू पाण्याला रंग देत नाही, वास देत नाही, चव बदलत नाही. पेला आरशासारखा नितळ असतो आणि त्यातच तो असतो.

आणखी एक. कॉलराचा जंतू मचूळ पाण्यात, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथे, निसर्गतःच जगू शकतो. आपल्या बहुतेक जेट्या अशाच मुखांवर आहेत. कुटबण साळ नदीच्या मुखाशी, मालिम मांडवीवर, शापोरा शापोरा नदीच्या मुखाशी. त्यात उघड्यावरची शौचं आणि बोटींची घाण त्याच पाण्यात. म्हणून जेटीजवळच्या पाण्याने भांडी धुणं, चूळ भरणं, टाकी विसळणं पूर्ण बंद करा. "शेवटी गोड्या पाण्याने धुतोच की" म्हणून भागत नाही.

बोटीवर पाणी बिघडतं ते या पाच जागी

पाईप: जेटीवरचा पाईप मासळीच्या पाण्यात लोळत असतो. त्याचं तोंड तसंच टाकीत जातं. भरण्याआधी तोंड धुवा, एक-दोन मिनिटं पाणी वाहू द्या, आणि पाईपचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडवू नका. काम झालं की पाईप गुंडाळून वर टांगा. टँकरचं पाणी घेत असाल तर ते कुठून भरलं ते विचारा.

झाकण: बंदीच्या दिवसांत बोट किनाऱ्यावर, टाकीचं झाकण अर्धं उघडं, आत पावसाचं पाणी. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी ओतून दिलं तरी भिंतीला चिकटलेली अंडी सुक्यात कित्येक महिने तग धरतात, म्हणून नुसतं ओतू नका, घासा.

मग: टाकीत हात घालून मगाने पाणी काढणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. जाळं ओढलेला, मासळी हाताळलेला, शौचाहून आलेला हात तसाच पाण्यात. दहा जणांपैकी एकाचा हात घाण असला तर दहाही जणांच्या पोटात तेच जातं. टाकीला तोटी बसवा. ते जमत नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं टाकीपाशी टांगून ठेवा आणि तेच वापरा.

बर्फ: मासळीसाठी आणलेला बर्फ फोडून पाण्यात टाकायची सवय सगळीकडे आहे. तो बर्फ जमिनीवर घसटत येतो, बुटांखाली फुटतो. थंडीने जंतू मरतात हा गैरसमज आहे. थंडीत ते झोपतात, बर्फ वितळला की जागे होतात. पाणी गार हवं असेल तर भरलेली बंद बाटली बर्फात ठेवा. बर्फ पाण्यात नको.

डबे: डिझेलचा, ऑइलचा किंवा औषध-रसायनाचा रिकामा कॅन धुऊन पाण्याला वापरू नका. प्लास्टिक वास आणि तेल शोषून घेतं, मग ते हळूहळू पाण्यात सोडतं. चांगल्या पाण्याचे कॅनसुद्धा डिझेलच्या शेजारी ठेवू नका.

बाटलीवरची तारीख काय सांगते?

बंद बाटलीतलं पाणी तारीख उलटली म्हणून विष होत नाही. पण बाटली उन्हात, इंजिनच्या उष्णतेत तापत राहिली तर प्लास्टिकमधले अंश थोडेथोडे पाण्यात उतरतात आणि चव बिघडते. तारीख जास्त करून बाटलीसाठी आहे. म्हणून बाटल्या सावलीत, गार जागी ठेवा. सील फोडून तोंड लावलं की ती बाटली त्याच माणसाची, आणि त्याच दिवशी संपवायची. वीस लिटरचा जार बोटीवर नेत असाल तर एकदा उघडल्यावर त्यालाही टाकीचेच नियम.

हंगामाआधी टाकी अशी धुवा

एक दिवस मोडतो, पण वर्षाचं काम होतं.

1. उरलेलं सगळं पाणी आणि गाळ काढून टाका.

2. नवीन ब्रशने भिंती, तळ, झाकणाची आतली बाजू आणि तोटीचं तोंड घासा. नंतर नळाच्या पाण्याने दोनदा धुवा. डेकखालच्या बंद टाकीत उतरायचं असेल तर आधी झाकणं उघडून बराच वेळ हवा खेळू द्या. बंद लोखंडी टाकीत गंजामुळे प्राणवायू कमी झालेला असतो. एक माणूस कायम बाहेर उभा हवा. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी मारू नका, आधी मदत बोलवा.

3. टाकी भरा. 1000 लिटरला 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर घ्या. बादलीत पाण्यात कालवा, गाळ बसू द्या आणि वरचं नितळ पाणी टाकीत ओता. तोटी उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, म्हणजे पाईपही आतून धुतला जातो. मग बंद करा. कमीत कमी चार तास, जमलं तर रात्रभर ठेवा. हे पाणी प्यायचं नाही, टाकीवर तशी चिठ्ठी लावा.

4. नंतर ते पाणी डेक आणि मासळीचे कप्पे धुवायला वापरा, सगळं एकदम खाडीत सोडू नका. टाकी नळाच्या पाण्याने विसळा.

5. आता प्यायचं पाणी भरा. 1000 लिटरला साधारण 2.5 ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. एवढं कसं तोलायचं? 25 ग्रॅम तोलून घ्या आणि त्याच्या दहा सारख्या पुड्या करून हवाबंद डब्यात ठेवा. एक पुडी, एक हजार लिटर. तीही आधी पाण्यात कालवून, नितळ करूनच घाला. तासभर थांबून मग प्या.

हा हिशेब 25 टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचा आहे. पोतं उघडं राहिलं, दमट झालं की पावडरीचा जोर उतरतो. गेल्या वर्षीचा उघडा पुडा घेऊन काम भागवू नका. पावडर हाताळताना हातमोजे घाला, नाकावर कपडा बांधा. आणि संडास धुवायच्या ॲसिडबरोबर ती कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू जीव घेऊ शकतो.

क्लोरीन आहे की नाही ते बघायला ओटी टेस्टचा छोटा संच मिळतो. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग आलाच नाही तर राखणदार नाही. तपासलेलं ते पाणी फेकून द्या, परत टाकीत ओतू नका. क्लोरीनच्या गोळ्यांसाठी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, आणि किती लिटरला किती गोळ्या ते पाकिटावर वाचूनच घाला.

फेरीवर असताना

प्यायची टाकी वेगळी, धुण्याची वेगळी. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहा, शक्य तर चित्र काढा, कारण बोटीवरच्या सगळ्यांना मराठी किंवा कोकणी वाचता येत नाही. ओडिशा, झारखंड, आंध्रातून आलेल्या पोरांना त्यांच्या भाषेत एकदा तरी समजावून सांगा.

पाण्याचा अंदाज आधी करा. पिणं आणि जेवण मिळून माणशी रोज आठ लिटर धरले, तर दहा माणसांना सात दिवसांसाठी 560 लिटर लागतात. वर थोडं राखीव. पाणी कमी नेलं की शेवटच्या दोन दिवसांत टाकीच्या तळाचं गाळाचं पाणी प्यावं लागतं, आणि माणसं आजारी पडतात ती तिथेच.

पाच-सहा दिवसांच्या फेरीत दर दोन दिवसांनी क्लोरीन तपासा. रंग आला नाही तर उरलेल्या पाण्याच्या हिशेबाने पुन्हा घाला. टाकीवर ऊन पडत असेल तर वर ताडपत्री टाका. उजेड आत जाणाऱ्या पांढऱ्या टाकीत शेवाळ लवकर धरतं. परत आलात की उरलेल्या पाण्यावर नवं पाणी भरू नका. आधी रिकामी करा, विसळा, मगच भरा. मागच्या फेरीच्या पाण्याचा वाद इथे संपतो.

दर्यात जुलाब लागले तर

कॉलरा जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत कधीही दिसू शकतो. म्हणजे लागण जेटीवर आणि आजार भर दर्यात, असं सहज होतं. तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पातळ जुलाब, उलट्या, पोटऱ्यांत गोळे, डोळे खोल जाणं, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं की "थांबेल उद्या" म्हणू नका. अंगातलं पाणी संपून माणूस काही तासांत दगावू शकतो. उपचार वेळेवर मिळाले तर मात्र शंभरातले नव्याण्णवहून जास्त वाचतात.

लगेच ओआरएस सुरू करा. पाकीट नसेल तर एक लिटर चांगल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. घोट घोट, सतत. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत द्या. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने देऊ नका. बोट किनाऱ्याकडे वळवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554, व्हीएचएफवर चॅनल 16, किनाऱ्यावर ॲम्ब्युलन्ससाठी 108. आजाऱ्याचं सगळं करणाऱ्याने दर वेळी साबणाने हात धुवायचे, आणि त्या माणसाने बोटीवर स्वयंपाकाला हात लावायचा नाही.

हे काम कोणाचं?

कुटबणच्या साथीनंतर जेटीवरच्या शौचालयांबद्दल, पाण्याबद्दल, गर्दीबद्दल खूप बोललं गेलं. सरकारकडे मागण्या करायच्याच आहेत आणि सोसायटी त्या करत राहील. पण बोटीवरची टाकी सरकार घासायला येणार नाही. ती मालकाची आणि तांडेलाची जबाबदारी. खलाशाला पाणी निवडता येत नाही. टाकीत जे आहे तेच त्याला प्यावं लागतं. आपण त्याला कामावर घेतलं तेव्हाच त्याच्या पाण्याची हमी घेतली.

खर्चाचंही बघा. ब्रश, पावडर, तोटी आणि ओआरएसची पाकिटं मिळून जो खर्च होतो, तो एका फेरीच्या डिझेलपुढे काहीच नाही. एक खलाशी आजारी पडून बोट अर्ध्यातून परत आली तर डिझेल, बर्फ, मासळी तिन्ही गेली. माणूस गेला तर त्याची भरपाईच नाही.

तेव्हा जेटीवर पुन्हा वाद निघाला की सांगा, पाणी आपोआप नासत नाही, आपण नासवतो. यंदा 1 ऑगस्टला दर्याला नारळ देण्याआधी टाकी घासून घ्या, आणि झाल्यावर टाकीचा फोटो खाली टाका. बाकीच्यांनाही हुरूप येईल. हा लेख आपल्या बोटीच्या ग्रुपवर पाठवा, आणि ज्या पोराला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

दर्या तुम्हाला भरभरून देवो.